मोबाईल, ग्रंथपाल आणि मराठी ग्रंथनोंद

विद्यापीठीय ग्रंथालयांत मोबाईलचा प्रवेश झाला आहे किंवा नाही, हा प्रश्न आता विचारण्याजोगा राहिलेला नाही. ग्रंथ परत करण्याची मुदत संपत आल्याची सूचना वाचकाच्या मोबाईलवर येते. नव्या ग्रंथांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात. कपाटावर चिकटविलेल्या क्यूआर संकेतावर मोबाईल धरला की, त्या विभागाची माहिती समोर येते. विचारण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. ग्रंथपालाने मोबाईल हाती घेतला, एवढ्यावरून ग्रंथालयाने मोबाईल स्वीकारला असे म्हणता येते काय? आणि तसे म्हणता येत नसेल, तर घोडे अडते कोठे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील मराठी ग्रंथांपुरता करावयाचा आहे. मराठी ग्रंथांची निवड करण्याचे कारण असे की, जी अडचण इंग्रजी ग्रंथांच्या बाबतीत क्वचित जाणवते, तीच मराठी ग्रंथांच्या बाबतीत पावलोपावली आडवी येते. आणि तिचे मूळ यंत्रात नसून भाषेत व लिपीत आहे.

१. अवलंब, स्वीकार आणि अंगीकार

नव्या साधनांच्या प्रसाराची चर्चा करणारे अभ्यासक ज्या क्रियेस इंग्रजीत 'अडॉप्शन' म्हणतात, तिच्यासाठी मराठीत तीन शब्द रूढ आहेत : अवलंब, स्वीकार आणि अंगीकार. व्यवहारात हे तिन्ही शब्द पर्यायाने वापरले जातात; तथापि त्यांची घडण पाहिली असता त्यांतील भेद ध्यानात येतो. अवलंब म्हणजे एखाद्या वस्तूचा आधार घेणे. स्वीकार म्हणजे जे स्वतःचे नव्हते ते स्वतःचे करणे. अंगीकार म्हणजे जे आपले अंग नव्हते ते आपले अंग करणे. संस्कृत व्याकरणात ज्यास च्वि-प्रत्ययान्त रचना म्हणतात, तीतून शेवटचे दोन शब्द सिद्ध झाले असल्यामुळे 'पूर्वी नव्हते ते आता झाले' हा अर्थ त्यांच्या घडणीतच अंतर्भूत आहे. साधनाचा अवलंब क्षणात होतो. त्याचा अंगीकार व्हावयाचा तर वापरणाराच्या कामाची रीतच पालटावी लागते.

या विषयावरील पाश्चात्त्य विवेचनाचा पाया एव्हरेट रॉजर्स यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने घातला. नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचे वर्णन करताना त्यांनी माहिती होणे, मन वळणे, निर्णय घेणे, अंमल करणे आणि निर्णय दृढ होणे अशा पायऱ्या कल्पिल्या. पुढे १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी संगणकाच्या स्वीकारासंबंधी मांडलेल्या प्रतिमानात दोन गोष्टींना महत्त्व दिले : साधन उपयुक्त वाटणे आणि ते वापरण्यास सोपे वाटणे. २००३ मध्ये व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी निरनिराळी प्रतिमाने एकत्र आणून त्यांत सहकाऱ्यांचा व वरिष्ठांचा प्रभाव आणि संस्थेतील अनुकूल परिस्थिती यांचीही भर घातली. ग्रंथपालांनी मोबाईलचा स्वीकार कितपत केला आहे, हे पाहणारी सर्वेक्षणे बहुधा याच चौकटी वापरतात.

या चौकटी निरुपयोगी आहेत असे मुळीच नाही. परंतु त्यांची एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. त्या व्यक्तीला प्रश्न विचारतात आणि तिच्या समजुती मोजतात. मोबाईल उपयुक्त आहे काय, या प्रश्नास ग्रंथपालाने 'होय' असे उत्तर दिले, तरी त्या उत्तरावरून एखाद्या विद्यार्थ्यास हवा असलेला मराठी ग्रंथ मोबाईलवरून सापडला किंवा नाही, हे कळत नाही. ग्रंथालयाच्या बाबतीत अंगीकाराची कसोटी ग्रंथपालाच्या मतात नसून ग्रंथाच्या नोंदीत आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

२. अवलंबाची वाटचाल

विद्यापीठीय ग्रंथालयांच्या संगणकीकरणास भारतात निश्चित दिशा मिळाली ती इन्फ्लिबनेटमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम १९९६ मध्ये स्वायत्त आंतरविद्यापीठीय केंद्र झाला. या केंद्राने तयार केलेली 'सोल' ही ग्रंथालय-प्रणाली २००० मध्ये आणि तिची दुसरी आवृत्ती २००९ मध्ये उपलब्ध झाली. याच सुमारास न्यूझीलंडमध्ये 'कोहा' ही सर्वांना मुक्तपणे वापरता येणारी प्रणाली निर्माण झाली. 'कोहा' हा माओरी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ देणगी असा आहे. नावाला साजेल अशा रीतीने ती आज भारतातील अनेक ग्रंथालयांत वापरात आहे.

भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पण ग्रंथालयाच्या दृष्टीने मोबाईलला महत्त्व आले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हणजे त्यावर इंटरनेट आल्यावर आणि विशेषेकरून २०१६ नंतर ते स्वस्त झाल्यावर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा वाचनकक्ष बंद पडले आणि जी सेवा पर्यायी मानली जात होती तीच काही काळ एकमेव सेवा ठरली. विद्यापीठाने वर्गणी भरलेली नियतकालिके घरून वाचता यावीत यासाठी दूरस्थ प्रवेशाची व्यवस्था सर्वत्र मागितली जाऊ लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली आणि २०२५ च्या आरंभापासून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली. आंतरराष्ट्रीय इंग्रजी नियतकालिकांपुरते पाहिले, तर विद्यार्थ्याच्या हातातील मोबाईल हे खरोखरच ग्रंथालयाचे द्वार झाले आहे.

परंतु मराठी वाङ्मयाचा, इतिहासाचा किंवा समाजशास्त्राचा जो विद्यार्थी मराठी ग्रंथांवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हे द्वार अर्धवटच उघडले आहे. त्याला लागणारे ग्रंथ त्या तेरा हजार नियतकालिकांत नाहीत. ते त्याच्याच विद्यापीठाच्या कपाटात आहेत. तेथपर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणजे ग्रंथालयाची तालिका, आणि ती तालिका आता तो मोबाईलवरच पाहतो.

३. खण आणि चौकट

तालिकापत्रांचा खण आणि मोबाईलवरील शोधाची चौकट यांच्यात एक मूलभूत भेद आहे. खणातील पत्रे चाळणारा वाचक आपल्या डोळ्यांनी चाळीत असे. हवे असलेले शीर्षक थोड्या निराळ्या रीतीने लिहिलेले असले, तरी ते शेजारच्या पत्रावर दिसत असे आणि वाचकाची नजर तो भेद सहज ओलांडीत असे. तेवढ्यानेही काम न भागल्यास देवघेवीच्या टेबलाशी ग्रंथपाल असे. 'आपट्यांची ती कादंबरी' एवढे म्हटले, तरी त्याला ग्रंथ उमगत असे. अक्षरांतील भेद, लेखकांची टोपणनावे, ग्रंथांची बदललेली शीर्षके, हे सर्व ज्ञान त्याच्या स्मृतीत साठविलेले होते.

मोबाईलवरील चौकटीपुढे या दोन्ही सोयी नाहीत. वाचक काही अक्षरे उमटवितो; यंत्र तीच अक्षरे नोंदीत शोधते; जुळली तर ग्रंथ आहे, न जुळली तर 'काही सापडले नाही' असे उत्तर येते. हे उत्तर वाचक 'ग्रंथालयात हा ग्रंथ नाही' अशा अर्थाने घेतो. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतील दुसऱ्याचा आशय वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असा, तर तिसऱ्याचा आशय ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असा आहे. खोट्या नकारामुळे हे दोन्ही नियम एकाच वेळी मोडले जातात, आणि ते मोडल्याचे कोणासही कळत नाही. कारण जो विद्यार्थी निराश होऊन परत जातो तो तक्रार करण्यास येत नाही.

यावरून असे दिसते की, मोबाईलने ग्रंथपालाचे काम कमी केलेले नाही. त्याची जागा बदलली आहे. जे साहाय्य तो वाचक समोर आल्यावर करीत असे, ते आता वाचक येण्यापूर्वीच नोंदीत करून ठेवावे लागते. मराठीच्या बाबतीत या कामाचे तीन थर आहेत : लिपीचा, लेखनाचा आणि रूपाचा. त्यांचा क्रमाने विचार करणे इष्ट होईल.

४. पहिला थर : लिपी

संगणकाचा ग्रंथालयांत प्रवेश झाला तेव्हा देवनागरीत नोंद करण्याची सोय सर्वत्र नव्हती. म्हणून पुष्कळ ठिकाणी मराठी ग्रंथांची शीर्षके रोमन लिपीत लिहिली गेली. रोमनीकरणाच्या शास्त्रशुद्ध पद्धती आहेत. त्यांत ळकारासाठी, दीर्घ स्वरांसाठी आणि मूर्धन्य व्यंजनांसाठी स्वतंत्र चिन्हे असतात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९६२ पासून नवी दिल्लीतील आपल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील ग्रंथ घेऊन ते अमेरिकेतील विद्यापीठांना पुरविण्यास आरंभ केला. त्या ग्रंथांच्या नोंदी अशाच एका ठराविक पद्धतीने होत आल्या आहेत. तेथे पद्धत एकच असल्यामुळे ती ज्याला अवगत आहे त्याला ग्रंथ सापडतो.

जेथे अशी पद्धत न पाळता कानाला येईल तसे रोमनीकरण झाले, तेथे घोटाळा अटळ होता. कला, कळा, काला आणि काळा हे चार निराळे शब्द चिन्हविरहित रोमन लिपीत एकाच रूपाने लिहिले जातात. उलट ज्ञानेश्वरी हा एकच शब्द तीन प्रकारांनी लिहिला जातो : संस्कृत घटकांना अनुसरून जकार-ञकार दाखविणारा, मराठी उच्चाराला अनुसरून 'द्न्य' दाखविणारा आणि हिंदी उच्चाराला अनुसरून 'ग्य' दाखविणारा. पहिल्या प्रकारात भिन्न शब्द एक होतात, दुसऱ्यात एकच शब्द भिन्न होतो. आणि शोधाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच घातक आहेत.

पुढे देवनागरीची सोय झाली ती दोन मार्गांनी. एक मार्ग संकेतप्रणालीचा. भारतीय लिप्यांसाठी तयार झालेली 'इस्की' ही प्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली आणि तिच्या १९८८ मधील रूपाच्या आधारे देवनागरीला युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले. दुसरा मार्ग फॉन्टचा. त्यात संगणकाच्या दृष्टीने अक्षरे रोमनच राहत, केवळ त्यांची आकृती देवनागरी दिसे. मुद्रणासाठी ही योजना अत्यंत सोयीची होती आणि मराठी ग्रंथव्यवहाराने तिचा मोठा लाभ घेतला. परंतु अशा फॉन्टमध्ये केलेली नोंद मोबाईलवर उघडली की, फॉन्टअभावी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते, आणि वाचकाने युनिकोडमध्ये उमटविलेला शब्द तिच्याशी कधीच जुळत नाही.

ही गोष्ट केवळ तालिकेपुरती नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीनुसार पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय स्वरूपात द्यावयाचे असतात आणि ते 'शोधगंगा' या इन्फ्लिबनेटच्या भांडारात ठेवले जातात. जुन्या फॉन्टमध्ये जुळविलेला मराठी प्रबंध तेथे डोळ्यांना दिसतो. पण त्यातील एकही शब्द शोधता येत नाही. अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखविणारी मोबाईलवरील सोयही अशा प्रबंधापुढे मुकी होते. अनेक वर्षांचे संशोधन भांडारात असूनही नसल्यासारखे होते, ते असे.

युनिकोडमध्येही सर्व प्रश्न मिटतात असे नाही. मराठीतील अर्धा रकार, म्हणजे 'दुसऱ्या' किंवा 'तऱ्हा' या शब्दांत येणारा, दोन रीतींनी लिहिता येतो : ०९३१ या संकेतांकाच्या ऱकाराला हलन्त चिन्ह जोडून, किंवा ०९३० या नेहमीच्या रकाराला हलन्त चिन्ह व अदृश्य जोडचिन्ह लावून. तसेच 'ॲरिस्टॉटल' या शब्दातील आद्य अक्षराला २००८ मध्ये स्वतंत्र संकेतांक मिळाला. त्यापूर्वीच्या नोंदींत तेच अक्षर अकारावर अर्धचंद्र देऊन साधलेले असू शकते. डोळ्यांना या रूपांत भेद दिसत नाही, यंत्राला मात्र ते निराळे शब्द वाटतात.

५. दुसरा थर : लेखन

लिपी एक झाली तरी लेखन एक होत नाही. मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून त्यांची संख्या अठरा झाली. या नियमांनी व्युत्पत्तीवरून दिले जाणारे अनुच्चारित अनुस्वार वगळले आणि शब्दांच्या अखेरचे इकार-उकार सामान्यतः दीर्घ ठरविले. त्यामुळे 'नांव' चे 'नाव' झाले, 'कवि' चा 'कवी' झाला. आजचा विद्यार्थी शाळेपासून हेच लेखन शिकतो; मोबाईल त्याला शब्द सुचवितो तोही याच लेखनाला धरून; आणि तो बोलून शब्द उमटवू लागला तरी हेच रूप पुढे येते.

परंतु विद्यापीठीय ग्रंथालयातील संशोधनोपयोगी मराठी ग्रंथांचा मोठा भाग त्या नियमांपूर्वीचा आहे. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'च्या दोन खंडांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील मराठी ग्रंथांची नोंद केली; ते सर्व ग्रंथ जुन्या लेखनातले आहेत. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीचे शीर्षक जुन्या आवृत्तींत 'पण लक्षांत कोण घेतो?' असे अनुस्वारयुक्त आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रें' या नावाने प्रसिद्ध झाले. विद्यार्थी 'लक्षात' आणि 'स्मृतिचित्रे' असे उमटवितो, आणि एका बिंदूपायी यंत्र नकार देते.

येथे दोष ग्रंथपालाचा नाही. मुखपृष्ठामागील शीर्षकपानावर जसे शीर्षक असेल तसेच ते नोंदवावे, असा तालिकीकरणाचा सर्वमान्य नियम आहे, आणि तो योग्यही आहे. कारण नोंद हा ग्रंथाचा पुरावा असतो. किंबहुना, जो ग्रंथपाल शीर्षकातील अनुस्वार 'सुधारून' काढून टाकतो, तो वाचकाची सोय करताना ग्रंथाचा इतिहास पुसतो. ग्रंथाशी इमान आणि वाचकाची सोय यांतील हा विरोध खरा आहे. तो कसा सोडवावा, हे पुढे येईल.

लेखनभेदाचे दुसरे कारण म्हणजे परसवर्ण. 'ग्रंथ' आणि 'ग्रन्थ', 'संत' आणि 'सन्त' ही रूपे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. तिसरे कारण जोडाक्षरांचे. 'वाङ्मय' हा शब्द मराठीतील कितीतरी शीर्षकांत येतो. तो मोबाईलवर उमटविताना हलन्त चिन्ह राहून गेले की 'वाङमय' होतो, आणि ङकार न सापडल्यास 'वांग्मय' असाही लिहिला जातो. चौथे कारण नावांचे. कुसुमाग्रज या नावाने कविता शोधणाऱ्यास 'नटसम्राट' हे नाटक मिळेलच असे नाही. कारण ते वि. वा. शिरवाडकर या नावाखाली नोंदलेले असते. देवघेवीच्या टेबलाशी हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

६. तिसरा थर : रूप

तिसरी अडचण सर्वांत खोल आहे आणि ती मराठीच्या प्रकृतीतच आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. 'भाषा' या शब्दाचे 'भाषे-', 'घोडा' चे 'घोड्या-', 'फूल' चे 'फुला-', 'देऊळ' चे 'देवळा-' होते. ग्रंथांच्या शीर्षकांत षष्ठीचा वापर विपुल असतो : अमक्याचा इतिहास, तमक्याचे स्वरूप. त्यामुळे शीर्षकातील महत्त्वाचा शब्द बहुधा मूळ रूपात नसून सामान्यरूपात असतो, आणि वाचक मात्र मूळ रूपच उमटवितो. 'भाषा' आणि 'इतिहास' हे दोन शब्द दिले असता 'भाषेचा इतिहास' असे शीर्षक यंत्राला सापडत नाही.

यावर शब्द तोडून शोधण्याची युक्ती सांगितली जाते. 'भाष' एवढेच अक्षरसमूह देऊन शोध केला, तर 'भाषा', 'भाषे' आणि 'भाषिक' यांसह 'भाषण' आणि 'भाष्य' हेही येतात, आणि मोबाईलच्या अरुंद पडद्यावर हवे ते नाम नको त्या गर्दीत हरवते. 'पाऊस' आणि 'पावसाचा' यांत तर 'पा' एवढेच समान आहे. त्या बळावर शोध करणे व्यर्थ होय. इंग्रजीत अनेकवचनाचा प्रत्यय काढून टाकला की पुष्कळसे काम भागते. मराठीत प्रकृतीच पालटत असल्यामुळे नुसते प्रत्यय काढून भागत नाही.

ही अडचण अनुल्लंघनीय मात्र नाही. सामान्यरूपे कशी होतात याचे नियम मराठी व्याकरणकारांनी फार पूर्वीच बांधले आहेत. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात त्यांचे सविस्तर विवेचन आहे. उणीव आहे ती हे ज्ञान व्याकरणाच्या ग्रंथातून शोधयंत्रात नेण्याची. हे काम एकट्या ग्रंथपालाचे नव्हे, तसेच एकट्या तंत्रज्ञाचेही नव्हे. ते भाषेच्या अभ्यासकाचे आहे.

७. नोंदीतील उपाय

यंत्रात सुधारणा होईपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. ग्रंथालयांच्या नोंदींसाठी आज सर्वत्र प्रचलित असलेल्या 'मार्क २१' या आकृतिबंधात पुष्कळशी सोय मुळातच आहे.

ग्रंथाचे शीर्षक २४५ क्रमांकाच्या क्षेत्रात शीर्षकपानावर असेल तसेच लिहावयाचे असते. त्याच आकृतिबंधात २४६ हे क्षेत्र शीर्षकाच्या पर्यायी रूपांसाठी राखलेले आहे आणि ते हवे तितक्या वेळा वापरता येते. २४५ मध्ये 'स्मृतिचित्रें' आणि २४६ मध्ये 'स्मृतिचित्रे' असे लिहिले की, ग्रंथाशी इमानही राहते आणि वाचकाची सोयही होते. मागील परिच्छेदांत ज्या विरोधाचा उल्लेख केला, तो अशा रीतीने एका ओळीने मिटतो. नोंद रोमन लिपीत असल्यास तीच माहिती मूळ लिपीत देण्यासाठी ८८० हे क्षेत्र आहे. जुनी नोंद न मोडता देवनागरी रूप तीत घालता येते. लेखकनामांसाठी प्रमाण नावांची स्वतंत्र नोंद असते आणि तीतील ४०० क्रमांकाच्या क्षेत्रात नावाचे अन्य पर्याय देता येतात. शीर्षकात सामान्यरूप आले असेल, तर विषयशीर्षकात तोच शब्द प्रथमेच्या रूपात द्यावा. म्हणजे 'भाषा' असा शोध करणाऱ्यास 'भाषेचा इतिहास' सापडण्याची वाट मोकळी होते. कोहा प्रणालीत झेब्रा हे शोधयंत्र वापरीत असल्यास त्याची शब्दसूची 'आयसीयू' या बहुलिपिक्षम पद्धतीने बांधण्याची दक्षताही घ्यावयास हवी.

हे सर्व करावयाचे तर वेळ आणि मनुष्यबळ लागते, आणि ग्रंथालयांत या दोहोंची टंचाई असते, हे खरे आहे. म्हणून क्रम ठरविणे आवश्यक आहे. ज्या ग्रंथांना अभ्यासक्रमांत स्थान आहे आणि ज्यांचा प्रबंधांत वारंवार निर्देश होतो, त्यांच्या नोंदी प्रथम पाहाव्यात. त्यानंतर १९६२ पूर्वीचे ग्रंथ घ्यावेत. भाषाविभागांनीही यात आपला वाटा उचलावा. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासविषयातील ग्रंथांची शीर्षके मोबाईलवर शोधून, जे सापडत नाहीत त्यांची कारणांसह यादी ग्रंथपालाला दिली, तर ती यादी त्या विद्यार्थ्यांना लेखनपद्धतीच्या इतिहासाचा उत्तम पाठ ठरेल आणि ग्रंथालयालाही दुरुस्तीचा नकाशा मिळेल. स्वतःचा प्रबंध युनिकोडमध्येच सादर करणे, हे तर प्रत्येक संशोधकाच्या हातचे आहे.

८. समारोप

मोबाईलचा अवलंब ग्रंथपालांनी केला आहे. स्वीकारही पुष्कळ अंशी झाला आहे. अंगीकार मात्र तेव्हाच झाला असे म्हणता येईल, जेव्हा ग्रंथपालाच्या मनातील ज्ञान नोंदीचे अंग होईल. या बाबतीत विलंब परवडणारा नाही. तालिकापत्रांच्या काळात तयार झालेली ग्रंथपालांची पिढी आता निवृत्त होत आहे. कोणता ग्रंथ कोणत्या जुन्या नावाने कपाटात आहे, कोणत्या लेखकाने कोणत्या टोपणनावाने लिहिले, कोणत्या ग्रंथाचे शीर्षक दुसऱ्या आवृत्तीत बदलले, हे सर्व ती पिढी जाणते. आणि ते कोठेही लिहून ठेवलेले नाही. ती गेल्यावर हे ज्ञान कोणत्याही यंत्राला पुन्हा निर्माण करता येणार नाही.

ग्रंथ कपाटात सुरक्षित आहे, तेव्हा तो आहेच, ही समजूत आता पुरेशी नाही. जो वाचक केवळ मोबाईलच्या चौकटीतून ग्रंथालय पाहतो, त्याच्या दृष्टीने न सापडणारा ग्रंथ आणि अस्तित्वात नसलेला ग्रंथ यांत काहीच भेद उरत नाही. दीडशे-दोनशे वर्षांच्या मराठी ग्रंथसंपदेपैकी किती भाग पुढील पिढीच्या दृष्टीस पडणार, हे कोणत्याही नव्या उपकरणापेक्षा २४६ क्रमांकाच्या क्षेत्रात ग्रंथपाल जी ओळ लिहील किंवा लिहिणार नाही, तिच्यावर अधिक अवलंबून आहे.